पुरते लाल निखारे

क्राउसडाइक, २५ नोव्हेंबर १९२८

मेहुणे मारीनुस,

पाकिटावरचं अक्षर बघून तू घाबरला असशील, तर आधीच सांगते: तोना जिवंत आहे. हिंडते-फिरते आहे, माझ्यावर खेकसते आहे. लिहिणारी मी, तुझ्या बायकोची थोरली बहीण क्रीना. आणि मी लिहिते आहे हे तिला ठाऊक नाही. ठाऊक झालं तर शाईची दौत माझ्या डोक्यावर रिकामी करील.

तुझा पत्ता शिंपलेवाल्या कोपेने दिला. रॉटरडॅमच्या गोदीत तू त्याला भेटलास, कॉफी पाजलीस आणि गावाबद्दल एक अक्षर विचारलं नाहीस, असं तो म्हणाला. विचारलं नाहीस म्हणून मीच सांगते.

यंदा थंडी लवकर आली. मागच्या रविवारी प्रवचनपीठावर ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरला होता. आपलं चर्च तुला माहीतच आहे. चारशे वर्षांची ओल भिंतींत मुरलेली, आणि छत इतकं उंच की आमची प्रार्थनासुद्धा तिथवर पोचेतो गारठून जात असेल. पुरुष कडेच्या बाकांवर कॉलरी वर करून बसतात आणि प्रवचनाच्या दर मुद्द्याला एक पेपरमिंट तोंडात टाकतात. बायका मधल्या खुर्च्यांवर, पाय माझ्या शेगड्यांवर. हो, अजून मीच. आई गेल्यापासून बत्तीस वर्षं ह्या गावातल्या बायकांचे पाय मीच गरम ठेवते आहे. साठ पायशेगड्या, प्रत्येकीवर जिची तिची अक्षरं कोरलेली. दलदलीतून कापून वाळवलेलं पीट पेटवायचं, निखारे पुरते लाल होऊ द्यायचे, चिमट्याने एकेका खापरीत घालायचे, खापरी लाकडी पेटीत आणि पेटी खुर्चीपाशी. दहाची घंटा होईपर्यंत साठ घागरे त्यांवर पसरलेले असतात.

आता चर्चच्या पंचांच्या डोक्यात कोळशाची मोठी भट्टी बसवायचं आलं आहे. म्हणजे अर्ध्या पंचांच्या. उरलेले अर्धे म्हातारे डिंगमान्सेंच्या बाजूला. "देवाचं घर आहे हे, पावभट्टी नव्हे," असं ते परवा ओट्यावर उभं राहून ओरडले. स्वतः मात्र अंगात तीन लोकरी बंड्या घालून येतात, ते त्यांच्या टोप्या-बंड्या धुणाऱ्या बाईनेच मला सांगितलं.

तोना गावातल्या बायकांच्या लेसच्या टोप्यांना खळ आणि इस्त्री करते. हिवाळ्यात तिची बोटं फुटतात, पायाची सुद्धा. दर रविवारी चर्चला येते, पण शेगडी घेत नाही. तुमचं बाळ, लेंदर्ट, गेल्यापासून घेतलेली नाही. दोन्ही पाय उघड्या फरशीवर टेकवून बसते. एकदा मी न विचारता ठेवली, तर तिने सगळ्यांदेखत लाथेने सरकवली. मी ती मुकाट्याने उचलून आणली.

येत्या फेब्रुवारीत त्या बाप्तिस्म्याला बारा वर्षं होतील. तोना अजून तेच म्हणते: "वसंतापर्यंत थांब म्हणून मी पाया पडले, पण ह्याची सैन्यातली सुट्टी सोमवारी संपत होती. पोराच्या वतीनं बाप म्हणून आपणच उभं राहायचं हा ह्याचा हट्ट. म्हणून गोठलेल्या रविवारी तीन आठवड्यांचं मूल घेऊन गेला, आणि थंडीने ते नेलं." तुझं नाव आमच्या घरात काढत नाहीत. तू सैन्यातून सुटून आलास तेव्हा दाराला कडी मीच घातली होती, तिच्या सांगण्यावरून. दाराआडून तुझे बूट दिसत होते.

उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही. थंडी पडली म्हणून लिहिलं, असं समज.

क्रीना

क्राउसडाइक, १६ डिसेंबर १९२८

मारीनुस,

चार ओळी पाठवल्यास, पण पाठवल्यास. पोस्टमनला मी फाटकापाशीच गाठलं. तो म्हणाला, "काय क्रीना, ह्या वयात रॉटरडॅमचा यार?" मी म्हटलं, तुझ्या बायकोला विचार, तिच्या शेगडीत रविवारी निखाऱ्याऐवजी बर्फ निघेल. पत्र देऊन निघाला.

तू दोन गोष्टी विचारल्यास. लेंदर्टच्या थडग्यावरची लाकडी पाटी कुजली होती, चार वर्षांपूर्वी मी नवी करून घेतली. नाव तेच, तारखा त्याच. दुसरं, तोना शेगडी का घेत नाही. ती म्हणते, माझं मूल गारठून मेलं, मी पाय शेकत बसू? एवढंच म्हणते. बाकी तू समज.

मंगळवारी भट्टीसाठी पंचांची बैठक झाली. बाईमाणसाला तिथे तोंड उघडायची मुभा नाही, पण कॉफी ओतायला बाईमाणूसच लागतं, म्हणून मी होते. पाळक म्हणाले की गेल्या वर्षी जानेवारीत फक्त चाळीस माणसं आली. डिंगमान्से म्हणाले, "जी आली ती खरी." मग नवीन डॉक्टर उठला, स्खिपर नावाचा, अजून दाढीही नीट फुटलेली नाही. तो म्हणाला, थंडीचं सोडा, मला पायशेगड्यांची काळजी वाटते. निखारा पुरता लाल नसेल तर त्यातून विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. घागऱ्याखाली, शालीखाली कोंडला तर माणसाला आधी डोकेदुखी, मग झोप, मग काहीच नाही.

"माझी आई ब्याण्णव वर्षांची होऊन गेली," डिंगमान्से म्हणाले, "आणि तिच्या पायाखाली सत्तर वर्षं शेगडी होती."

"त्या नशीबवान होत्या, किंवा त्यांची शेगडी भरणारी बाई हुशार होती," डॉक्टर म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "तुम्हीच ना त्या? चर्चमध्ये कधी कोणाला भोवळ आली का हो?"

"येते की," मी म्हटलं. "पण ती प्रवचनाने येते."

सगळे खो खो हसले, पाळकसुद्धा. डॉक्टर हसला नाही. जाताना दारात म्हणाला, "लहान मुलांना जास्त जपा, बाई. शालीखाली धरलेल्या मुलाला. त्याचे गाल लालभडक होतात, लोकांना वाटतं किती छान दिसतंय."

ते असू दे. भट्टीचा निर्णय लांबणीवर पडला. तोनासाठी काही पाठवू नकोस, ती परत पाठवील.

क्रीना

क्राउसडाइक, १७ फेब्रुवारी १९२९

मारीनुस,

पेपरात वाचलं असशील. खाडी गोठली आहे, होड्या बर्फात रुतल्या आहेत. म्हातारे म्हणतात असा हिवाळा सतराच्या सालानंतर यंदाच. सतराचं साल म्हटलं की माझ्या घरात दोन बायका एकाच वेळी उठून दोन वेगळ्या खोल्यांत जातात.

गेल्या रविवारी दोघीजणी चर्चमध्ये कोसळल्या. स्तोत्र चालू होतं, प्रत्येक ओळ ताणून ताणून, तोंडांतून वाफ. आधी कुंभारणीची सून खाली गेली, मग तिच्या शेजारची. बाहेर नेल्यावर दोघी शुद्धीवर आल्या. मी शेगड्यांच्या खोपट्यात आले तर डॉक्टर गुडघे टेकून बसलेला. त्याने दोन्ही खापऱ्या फरशीवर उलट्या केल्या होत्या. निखारे बाहेरून लाल, आतून काळे.

"पीट ओलं होतं," मी म्हटलं. "गोठलेल्या ढिगातून काढलं. घाई झाली."

"घाई," तो म्हणाला. रागावला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

तेव्हा तोंडातून निघून गेलं. मी त्याला विचारलं, एखादं तान्हं मूल प्रवचनभर आईच्या मांडीवर, शालीखाली, शेगडीवर असेल, गाल लालबुंद, बाप्तिस्म्याचं गार पाणी पडलं तरी रडलं नाही, आणि त्याच दुपारी गेलं, तर ते थंडीने गेलं का? त्याने उलटी केलेली खापरी सरळ केली. मग म्हणाला, इतक्या वर्षांनी कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण थंडीने मुलाचे गाल लाल होऊन ते मरत नाही, बाई. थंडीने मूल फिकं पडतं.

तुला आठवतात ते गाल? तू पाळकांसमोर उभा होतास, सैन्याच्या गणवेशात, आणि बायका कुजबुजत होत्या: काय गोंडस दिसतंय, रडलंसुद्धा नाही. मीही म्हटलं होतं. मी मावशी, पहिल्या रांगेत.

मारीनुस, ती शेगडी मी भरली होती. बाप्तिस्म्याच्या आईला शेगडीत दुप्पट निखारे घालायचे ही आपल्याकडची पद्धत. माझ्या बहिणीला चर्चमध्ये सर्वांत जास्त ऊब मिळावी म्हणून मी दोन निखारे जास्त घातले. लढाईचे दिवस, पीट ओलं, आणि ते दोन नीट पेटले नव्हते. मायेपोटी घातले. तू हट्ट केलास म्हणून मूल गेलं नाही. मी जास्तीची माया केली म्हणून गेलं.

हे बारा वर्षं मला माहीत होतं असं नाही. माहीत नव्हतं असंही नाही. तोनाला अजून सांगितलेलं नाही.

क्रीना

क्राउसडाइक, ३ मार्च १९२९

मारीनुस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ह्या वेळी चार ओळी नाहीत, चार पानं. तू लिहिलंस की त्या रविवारनंतर तू कुठल्याही चर्चमध्ये पाय ठेवला नाहीस, कुणाचं तान्हं मूल दिसलं की रस्ता बदलतोस. तू लिहिलंस, क्रीना, मायेत चूक झाली तर तिला चूक म्हणू नये, मी तुला दोष देत नाही. ईस्टरला येतो, तोनाला मीच सांगतो, तू एकटी सांगू नकोस.

एवढी चांगुलपणाची चार पानं मला माझ्या जन्मात कोणी लिहिली नाहीत. ती मी चुलीत घातली, कारण ती मला आलेलीच नाहीत. ती ज्या क्रीनाला आली तिने मायेपोटी दोन निखारे जास्त घातले होते. ती बाई कुठेच नव्हती.

आता ऐक, आणि मधे थांबू नकोस.

तोनाची शेगडी मी सगळ्यांत आधी भरली होती. चार निखारे, चारही असे लाल की आरपार दिसावं. त्यांत खोट नव्हती. पेटी तिच्या खुर्चीपाशी ठेवली. साडेनऊला सगळ्या शेगड्या भरून झाल्या. आगीत उरलं ते धुमसणारं, कडेने काळं. आणि तेवढ्यात समुद्रबांधाचे प्रमुख लान्सू ह्यांच्या बायको, लान्सूबाई, आल्या. थंडी आहे, येणार नाही असा निरोप शनिवारी पाठवला होता, म्हणून त्यांची शेगडी मी भरलीच नव्हती. त्या खोपट्याच्या दारात उभ्या राहिल्या, हातमोजे न काढता.

"क्रीना, माझी?"

"आत्ता आणते, बाई."

"धूर नको हं. मागच्या वेळी धूर होता. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, क्रीनाचं आता वय झालं."

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते, मारीनुस. लान्सूंनी एक शब्द टाकला असता तर खोपट्याची किल्ली दुसऱ्या दिवशी दुसरीच्या कंबरेला गेली असती. आईने मला दिलेलं ते एकच होतं. गावात मी कोणाची बायको नव्हते, कोणाची आई नव्हते. रविवारी सकाळी मात्र साठ बायका माझी वाट बघत.

मी चिमटा घेऊन आत चर्चमध्ये गेले. तोना अजून आली नव्हती; तुम्ही दोघं पाळकांच्या खोलीत बाळाचं नाव लिहून देत होता. मी तिच्या शेगडीतले चारही निखारे काढले आणि लान्सूबाईंच्या खापरीत घातले. तिच्या खापरीत ते काळे घातले. वरून राख पसरली, धूर दिसू नये म्हणून. मनात म्हटलं, तोना आपली आहे, ती काही बोलणार नाही.

ती बोलली नाही. प्रवचनात दोनदा कपाळ दाबलं तिने, मी बघितलं. उठून शेगडी काढून घ्यायला मला चार पावलं लागली असती. पण पाळक दुसऱ्या मुद्द्यावर होते आणि अशा वेळी कोणी उठत नाही.

माया कशी ती नव्हती त्यात. ईस्टरला ये किंवा नको येऊस. तोनाला तू सांगायचं नाहीस. मी सांगणार.

क्रीना

क्राउसडाइक, १७ मार्च १९२९

मारीनुस,

तुझं उत्तर नाही. मी त्याची वाट बघत नाही, पोस्टमनला विचार.

सोमवारी पंचांसमोर गेले, कॉफीशिवाय. म्हटलं, भट्टी बसवा, मी शेगड्या भरणार नाही. डिंगमान्से चक्रावले. "अगं, तुझ्याच बाजूने तर भांडतोय मी!" मी म्हटलं, माझ्या बाजूने भांडू नका. किल्ली टेबलावर ठेवली आणि निघाले. वाटेत रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

गुरुवारी तोनाला सांगितलं. ती टोप्यांना इस्त्री करत होती. मी उभी राहिले, बसायचं धाडस झालं नाही, आणि तुला लिहिलं तसंच सगळं सांगितलं. शनिवारचा निरोप, दारातले हातमोजे, चार निखारे, वरची राख. तिने एकदाही वर बघितलं नाही. इस्त्री चुलीवर ठेवली, दुसरी घेतली, गालाजवळ धरून तापली का ते बघितलं. लेसची कड सरळ केली. मला वाटलं तिने ऐकलंच नाही.

मग म्हणाली, "लान्सूबाईंचे पाय गरम राहिले का गं?"

मी तिच्या हातातल्या इस्त्रीकडे बघत राहिले.

"विचारते मी. राहिले का?"

"राहिले," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. हातातली टोपी त्यांचीच होती. ती तिने एकही चुणी न पडू देता पुरी केली, कागदात गुंडाळली, स्वतः नेऊन दिली. परत आली ती थेट झोपायच्या खोलीत गेली आणि दोन दिवस बाहेर आली नाही. मी दाराशी जेवण ठेवत होते, ते तसंच उचलत होते. भिंतीतून मला ऐकू येत होतं. लेंदर्ट गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा तिच्याजवळ तुझ्यावरचा राग होता, त्याने ती उभी राहिली होती. तोही मी काढून घेतला.

आज सकाळी चर्चहून आल्यावर तिने मला समोर बसवलं. ती बोलली ते जसंच्या तसं लिहिते, तिने तसंच सांगितलं आहे.

"त्याला लिही, ईस्टरला ये म्हणावं. बारा वर्षं ज्या माणसाचं तोंड बघितलं नाही त्याच्यापुढे मी कशी उभी राहू मला कळत नाही, पण राहीन. त्याने हाक मारली होती, मी दाराआड उभी होते, ऐकत होते. हे लिही. आणि लिही की घरात दोनच माणसं असतील."

"आणि मी कुठे जाऊ, तोना?"

"ते तू बघ. मी तुला शिव्या देणार नाही, लोकांना सांगणार नाही. पण रोज सकाळी तुझ्या हातची कॉफी पिणं माझ्याने होणार नाही."

ती चूक बोलते असं मी म्हणत नाही. बुधवारच्या बोटीने मी निघते. पलीकडच्या बेटावर एका शेतघरात दूध काढायला बाई हवी आहे, त्यांनी वय विचारलं नाही.

तू आलास की तिला आधी बोलू दे. ती माफी मागेल. तिला सवय नाही, वेळ लागेल, मधेच तुझ्यावर ओरडेलही. घाई करू नकोस. तिच्या टाचा फार फुटल्या आहेत, मेणाचं मलम खिडकीच्या फळीवर डावीकडे आहे, पण ती स्वतः लावणार नाही. कबरीकडे दोघं मिळून जा, एकटी जाऊ देऊ नकोस.

ह्या पत्रावर माझा नवा पत्ता लिहिलेला नाही. तिने तो विचारला नाही. तूही विचारू नकोस.

क्रीना